धुक्यातली पळी

फिटरला पक्ष्यांचं काही पडलेलं नव्हतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढे कोणीतरी म्हणायचं, म्हातारा हौसेने जंगलात गेला. तो गेला बायकोसाठी, आणि बायकोसाठी म्हणजे तरी काय, मुलीच्या धाकाने. मुलीने फोनवर बजावलं होतं, "बाबा, आईला एकटीला सोडायचं नाही. तिला जाऊ दे, डॉक्टर हो म्हणालेत, पण तुम्ही बरोबर."

बायकोच्या छातीत उन्हाळ्याआधीच डॉक्टरांनी स्टेंट घातला होता. फिटर त्याला स्प्रिंग म्हणायचा. जन्मभर पाणीपुरवठ्याच्या पंपघरात काम केलेला माणूस, त्याला सगळ्या जगात पार्टच दिसायचे. "आता तुझ्यातही एक पार्ट बदललाय," तो तिला म्हणायचा, "गॅरंटी किती ते विचारलंस का?" ती म्हणायची, "तुमच्यापेक्षा जास्त."

त्याच पंपघराने त्याचा डावा कान नेला. पंप कायम डाव्या हाताला, घरघर कायम त्याच बाजूला, आणि एक दिवस त्या कानाने राजीनामा दिला तो दिलाच. ज्याचा एक कान गेलेला असतो त्याला आवाज येतो, पण कुठून येतो ते कळत नाही. घरात फोन वाजला की फिटर स्वयंपाकघर, मोरी, गॅलरी सगळीकडे हिंडायचा आणि शेवटी बायको सांगायची, "अहो, तुमच्या खिशातच आहे." लोक हसायचे. हसू देत. त्यांचे दोन्ही कान शाबूत आहेत म्हणून हसतात.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, तिच्यावाचून पुढचं कळणार नाही. नोकरीत असताना फिटर घरी यायचा तो हात कोपरापर्यंत ग्रीसने काळे करून. फाटकाला हात लावला की फाटक काळं. म्हणून तो बाहेरूनच शीळ घालायचा. तीन सूर, शेवटचा वर चढलेला. आतून बायको हातातली पळी खिडकीच्या गजावर दोनदा वाजवायची. टण, टण. म्हणजे ऐकलं, येते, तोवर कशाला हात लावू नका. नोकरी संपली, हात पांढरे झाले, पण शीळ आणि पळी राहिली. नुसता भाजी घेऊन आला तरी फाटकापाशी शीळ, आणि आतून टण, टण. शेजारी म्हणायचे, म्हाताऱ्यांचं अजून काय चाललंय बघा.

तर अशी ही जोडी एका सकाळी जुन्या गाडीतून राखीव जंगलाच्या नाक्यावर उतरली. बरोबर बायकोची मैत्रीण, दातांची डॉक्टरीण. चाळिशीची, गळ्यात लांब नळीचा कॅमेरा. जंगलाचा गार्ड त्यांना न्यायला आला होता. वाळक्या अंगाचा, हळू बोलणारा माणूस. हे जंगल लावलेलं नव्हतं, मूळचं होतं. आजूबाजूचं सगळं तोडून लोकांनी फळबागा केल्या, हा एवढा तुकडा उरला. त्यातले पक्षीही त्याच तुकड्यात अडकलेले, दुसरीकडे कुठे जगत नाहीत. बायकोला त्यातला पाचोळ्या बघायचा होता. पाचोळ्या म्हणजे मूठभर तपकिरी पक्षी, वाळलेल्या पानांत चालतो, उडायचा कंटाळा करतो. दवाखान्याच्या खाटेवर पडून तिने एवढंच ठरवलं होतं, बरी झाले तर पाचोळ्या बघेन. लोक अशा वेळी देव बघायचं ठरवतात. असो.

"मोठ्याने बोलायचं नाही," गार्ड नाक्यावरच म्हणाला. "आणि काही झालं तरी शीळ घालायची नाही. कोणी मागे राहिलं तर दोन दगड एकमेकांवर वाजवा. मी येतो."

"का? शिळेवर कर बसवलाय का तुमच्या साहेबांनी?" फिटरने विचारलं.

बायकोने त्याच्या दंडाला चिमटा काढला. गार्ड हसला नाही.

आत शिरल्यावर उजेड निम्मा झाला. झाडांच्या अंगावर ओलं शेवाळ, खाली कुजलेल्या पानांचा वास. वास वाईट नव्हता, पण जुना होता. बंद पेटी खूप दिवसांनी उघडल्यावर येतो तसा. थोडं चालले असतील, तेवढ्यात फिटरला कुऱ्हाड ऐकू आली. ठक्क. ठक्क. मग लाकूड करकरलं.

"राखीव जंगल म्हणता आणि झाडं तोडता होय?" तो म्हणाला.

"कोणी तोडत नाहीये काका. इथली कुऱ्हाड बंद झाली तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता." गार्डने वर बोट दाखवलं. फांदीवर काळपट, लांब शेपटीचा पक्षी बसला होता. त्याने चोच उघडली आणि त्या एवढ्याशा गळ्यातून कुऱ्हाड बाहेर पडली. "नकल्या. ऐकेल ते उचलतो. बापाने लाकूडतोड्यांकडून उचललं, पोराने बापाकडून."

डॉक्टरीण फोटो काढायला लागली. बायको लहान मुलीसारखी हरखली. फिटरलाही मनातून आवडलं, पण तो म्हणाला, "आमच्या खात्यातही असेच होते. साहेब बोलला की बोलायचे."

"शिळेचं काय?" बायकोने विचारलं.

गार्डने जरा मागे-पुढे केलं. मग चालता चालता सांगितलं. "लाकूडतोड्यांतला एक जण धुक्यात चुकला होता. साथीदारांना कळावं म्हणून शीळ घालत फिरला. नकल्यांनी ती उचलली. त्याला चारी बाजूंनी शीळ यायला लागली. त्याला वाटलं, साथीदार बोलावतायत. गेला त्या अंगाला… पुढे घळ आहे. खोल. झुडपांमुळे कड दिसत नाही."

"आणि शीळ?"

"शीळ आहे की अजून. धुकं असलं की वाजते."

माणूस गेला आणि त्याची शीळ पोराबाळांना लागली, तीही पाखरांच्या. फिटरला ते बरं वाटलं नाही. त्याने विषय बदलला आणि गाडीच्या क्लचबद्दल तक्रार सुरू केली.

दुपारी एका ओंडक्याआड सगळे दबा धरून बसले. समोर पानांचा गालिचा. कोणी हलायचं नाही. बायको दुर्बीण लावून इतकी स्थिर बसली होती की फिटरने दोनदा तिचा श्वास चालू आहे ना ते बघितलं. आणि तो आला. पानं जरा हलली, त्यातून तपकिरी काहीतरी निघालं, एक पान उलटलं, खाली डोकावलं, दुसरं उलटलं. बायकोने दुर्बिणीचं चाक फिरवायला बोट उचललं.

त्याच क्षणी फिटरने बिस्किटांचा पुडा फोडला.

त्या शांततेत तो पुडा असा करकरला की जणू छपराचा पत्रा फाटला. पाचोळ्या नव्हताच तिथे. नुसती पानं.

बायको ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने दुर्बीण खाली ठेवली आणि कुजबुजत म्हणाली, "भूक लागली होती?"

"सकाळपासून चहावर आहे मी."

"मग बसा इथेच. त्या दगडावर. खा पोटभर. मी डॉक्टरणीबरोबर पुढच्या वळणापर्यंत जाऊन येते."

"मुलगी म्हणालीय, तुला सोडायचं नाही…"

"मुलीला सांगा, बिस्किटं सोडवली नाहीत म्हणून आईला सोडली."

गार्डही त्यांच्याबरोबर पुढे गेला. फिटर दगडावर बसला आणि रागाने पुडा संपवला. राग होता स्वतःवर, पण चावली बिस्किटं. मग त्याने वर बघितलं तर समोरची झाडं नव्हती.

धुकं असं येतं हे त्याला माहीत नव्हतं. त्याला वाटायचं, धुकं वरून उतरतं. हे पायाखालून निघालं, पानांतून, जसं काही जंगल इतका वेळ श्वास रोखून बसलं होतं आणि आता सोडला. ओंडका गेला. मग दगडापुढचं गवत गेलं. गारठा शर्टाच्या आत शिरला. फिटरने खिशात हात घातला तर बोटांना छोटी डबी लागली. बायकोच्या गोळ्या. छातीत कळ आली की जिभेखाली ठेवायच्या. त्या तिच्या पर्समध्ये हव्या होत्या. पर्स जड होते म्हणून सकाळी तिने त्याच्या खिशात टाकल्या होत्या.

पावलं वाजली. धुक्यातून डॉक्टरीण आली, मागे गार्ड. दोघंच.

"ही कुठाय?" फिटर उठून उभा राहिला.

डॉक्टरणीचा चेहरा पडला. "तुमच्याकडे नाही आल्या? त्या मघाशीच परत फिरल्या. म्हणाल्या, रुसले असतील, बघून येते. वाट सरळ आहे म्हणून मी… मला वाटलं, इथे असतील."

एकीला वाटलं नवऱ्याजवळ आहे, नवऱ्याला वाटलं मैत्रिणीजवळ आहे. माणूस हरवतो तो असा. वाघ-बिघ लागत नाही त्याला.

गार्डने दोन दगड उचलले आणि वाजवले. ठक, ठक.

थोडा वेळ काही नाही. मग समोरून उत्तर आलं. ठक, ठक.

"हां, तिकडे…" गार्ड निघालाच होता, तेवढ्यात मागून आलं. ठक, ठक. मग वरून. मग दूर खाली कुठेतरी. सगळं धुकं दगड वाजवायला लागलं. गार्डने हातातले दगड हळूच खाली ठेवले, काचेचे असल्यासारखे.

"दगडही उचलले त्यांनी," तो म्हणाला. "आजपर्यंत कधी…" मग म्हणाला, "मी नाक्यावरून दोर आणि माणसं आणतो. कोणी जागा सोडू नका. काका, तुम्हाला सांगतोय."

फिटरने मान हलवली. गार्डची पाठ धुक्यात विरघळेपर्यंत तो थांबला, आणि निघाला.

"काका, नका हो…" डॉक्टरीण म्हणाली.

"तू बस. दोघं हरवलो तर निदान कोण कोण हरवलं ते सांगायला एक माणूस हवा."

पायवाट होती तोवर पायाला टणक लागत होतं. मग मऊ लागायला लागलं. त्याने हाक मारली. हाक धुक्यात कापसात बोट घातल्यासारखी बुडाली. पुन्हा मारली. तिसऱ्या वेळी त्याची हाक त्याच्याकडे परत आली, अगदी त्याच्या आवाजात, त्यातल्या खोकल्यासकट. फिटर थांबला. आपलाच आवाज आपल्याला बोलावतोय, यापेक्षा भुताने बोलावलेलं परवडलं.

डबी मुठीत धरून तो उभा राहिला. ती कुठेतरी बसली असेल. गारठली असेल. ती हाकेला ओ द्यायची नाही, हाका सगळीकडून येत असणार. मग तिला कळणार कसं की हा मीच, पाखरू नव्हे?

गार्ड काय म्हणाला होता ते त्याला आठवत होतं. आठवत असूनही त्याने ओठ ओले केले आणि शीळ घातली. तीन सूर, शेवटचा वर चढलेला.

सगळं जंगल गप्प झालं. दगड थांबले. पानांवरून ठिबकणारं पाणीसुद्धा थांबल्यासारखं वाटलं. असं कितीतरी वेळ. आणि मग ती आली… त्याचीच शीळ. तीन सूर. मग आणखी एक. मग एक जुनी, लांबट, दुसऱ्याच कोणाची तरी, दमलेल्या माणसाची.

फिटरचे पाय हलायला लागले. कुठून येतेय ते कळत नव्हतं, एका कानाला कळणार कसं, पण पुढूनच असणार असं वाटलं. तो एक पाऊल गेला. झुडूप बाजूला सारलं. आणखी एक पाऊल.

टण, टण.

त्याचा उचललेला पाय तसाच राहिला.

पळी. खिडकीच्या गजावर पळी. त्या जंगलात ना खिडकी, ना गज, ना पळी, पण तो आवाज तो स्वतःच्या नावापेक्षा जास्त ओळखत होता. ऐकलं. येते. कशाला हात लावू नका.

आणि तो कुठून आला ते त्याला कळलं. डावीकडून. नक्की डावीकडून. किती वर्षांत त्याला आवाजाची बाजू कळली नव्हती. त्याने पाय मागे घेतला, वळला आणि डावीकडे निघाला. शीळ येतच होती, गोड, घाई करणारी. तो वळला नाही. थांबला की पळी पुन्हा वाजायची, टण, टण, जरा पुढे, जरा अलीकडे, जसं कोणी आंधळ्याला काठीने वाट दाखवावी. एकदा तो घसरला. एकदा काट्यात अडकला आणि धुक्याला शिव्या घातल्या. मग एका मोठ्या झाडाच्या मुळाशी त्याला निळी शाल दिसली.

बायको मुळांच्या खोबणीत बसली होती. ओठ पांढरे पडलेले, एक पाय लांब केलेला. त्याला बघून ती म्हणाली, "बिस्किटं संपली वाटतं."

फिटरने तिच्या जिभेखाली गोळी ठेवली आणि मग तो तिच्याशेजारी मटकन बसला. तिच्या ओठांना हळूहळू रंग आला. त्याने तिचा हात दोन्ही हातांत घेऊन चोळला, जसा गार पडलेला पार्ट चोळावा.

"दुखतंय?"

"पाय दुखतोय. छाती ठीक आहे. तुम्ही मात्र रडताय."

"धुकं गेलंय डोळ्यात."

"बरं."

मग तो म्हणाला, "चांगलं केलंस. वाजवत राहिलीस म्हणून सापडलो."

"काय वाजवत राहिले?"

"पळी… म्हणजे काहीतरी. डबा, चमचा. जे काय आणलं असशील ते."

तिने त्याच्याकडे बघितलं. "मी काय भांडी घेऊन आलेय? पर्स तर डॉक्टरणीकडे आहे." आणि जरा थांबून, आवाज खाली घेऊन म्हणाली, "मीही ऐकली. वाट चुकले होते. समोरून तुमची शीळ आली, म्हटलं, आले हे. निघालेच होते तिकडे. एक पाऊल टाकलं आणि मागे पळी वाजली. वाटलं, मीच वाजवतेय की काय घरात बसून… गर्रकन वळले, पाय मुरगळला आणि बसले ती बसलेच."

तिने शीळ ऐकली होती ती त्याने शीळ घालायच्या आधी की नंतर, हे फिटरला विचारायचं होतं. त्याने विचारलं नाही. काही गोष्टी विचारल्या की त्यांचं उत्तर येतं.

धुकं जसं आलं तसंच गेलं, पानांत मुरलं. ऊन पडलं. दोर आणि माणसं घेऊन गार्ड आला तेव्हा दोघं मुळांत बसून घरी गेल्यावर मुलीला काय सांगायचं यावर भांडत होती. गार्डने काही न बोलता फिटरला हाताला धरून थोडं खाली नेलं आणि झुडूप बाजूला केलं. ओल्या मातीत फिटरच्या बुटाचा ठसा होता. ठशाच्या पुढे वीतभर माती, आणि त्यापुढे काही नाही. खाली, फार खाली, झाडांचे शेंडे.

"शीळ घातलीत ना," गार्ड म्हणाला.

"घातली."

"मग थांबलात कसे?"

फिटरने सांगितलं. गार्ड ऐकून घेत राहिला. मग म्हणाला, "नकल्याने कुठेतरी उचलली असेल पळी. नाक्यावरच्या खोलीत आम्ही स्वयंपाक करतो." आणि त्याने सुटकेचा श्वास टाकला, फिटरनेही टाकला, कारण ज्याला कारण सापडतं त्याला झोप लागते.

बायकोला खांद्यांवर घालून आणताना वाटेत सगळे एकदम थबकले. पायवाटेच्या मधोमध पाचोळ्या उभा होता. त्याने एक पान उलटलं, खाली बघितलं, मग बायकोकडे बघितलं आणि सावकाश, जराही घाई न करता, पलीकडे चालत गेला. बायको कोणाच्या तरी खांद्यावरून कुजबुजली, "पुडा असेल तर फोडा आता." त्या दिवशी नाक्यावर पोचेपर्यंत सगळे हसत होते. डॉक्टरीण तर हसता हसता रडलीसुद्धा.

घरी सगळं सुरळीत झालं. पाय बरा झाला. डॉक्टरांनी छाती तपासली, म्हणाले उत्तम. मुलीने फोनवर अर्धा तास झाडलं, फिटरने फोन डाव्या कानाला लावून ऐकलं. माणसाला आणखी काय हवं?

काही दिवसांनी गार्डचा फोन आला. बाईंची चौकशी केली. मग म्हणाला, "काका, तुमची शीळ नकल्यांनी उचलली बरं का. धुकं असलं की वाजते. हाकही वाजते, खोकल्यासकट."

"आणि पळी?"

"तेच सांगायला फोन केला. ती कोणीच वाजवत नाही. मी नाक्यावरच्या खोलीपासून घळीपर्यंत ऐकत हिंडलो. एकाही पाखराला ती येत नाही."

फिटरने हे बायकोला सांगितलं नाही. तिचं चांगलं चाललं होतं. संध्याकाळी तो भाजी आणायला जायचा, फाटकापाशी येऊन शीळ घालायचा, आतून टण, टण यायची. उजव्या कानात. डावा कान बंद तो बंदच. कानाच्या डॉक्टरकडेही तो गुपचूप जाऊन आला. डॉक्टर म्हणाला, काका, ह्या कानात काहीही शिरणार नाही, तोफ लावली तरी.

परवा असाच तो पिशवी घेऊन फाटकापाशी आला. उजेड होता अजून. त्याने शीळ घालायला ओठ ओले केले.

टण, टण.

फिटर उभा राहिला. आवाज डावीकडून आला होता.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून बायकोने डोकं बाहेर काढलं. "काय हो, तिथेच का थांबलात? आज शीळ नाही?"

"तू पळी वाजवलीस?"

"शिळेआधीच? मी कशाला वाजवू?" ती म्हणाली. "या आत. चहा टाकतेय."

फिटरने फाटकाकडे नेलेला हात मागे घेतला. जंगलात ती वाजली होती तेव्हा पुढे घळ होती. तो बाहेरच उभा राहिला आणि ते फाटक, त्या दोन पायऱ्या, ते उघडं दार आणि खिडकीतली ती, एकेक करून नीट बघायला लागला.